हापूसच्या बदल्यात आलेली गाडी : हार्ले-डेव्हिडसन एक्स ४४०, चौदा महिन्यांनंतर

रत्नागिरीजवळच्या पावस गावच्या बाजारात गाडी उभी केली की कोणी ना कोणी जवळ येतं, टाकीवरचं नाव वाचतं आणि विचारतं, "अमेरिकेची ना ही?" मी सांगतो, राजस्थानातल्या नीमराण्याची. हिरो मोटोकॉर्पच्या कारखान्यात बनते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग ही हार्ले कशी?" त्याला उत्तर द्यायला मला पंधरा मिनिटं लागतात, आणि त्या उत्तरात आमचा हापूस येतोच. तो कसा, ते इथे लिहितो, कारण ही गाडी घ्यावी की नाही याचा विचार करणाऱ्याला ते कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. हिची किंमत, हिचा कारखाना, हिच्या इंजिनाचा आकार, यातलं बरंचसं ठरलं ते कर आणि राजकारण यांच्या ओढाताणीत.

आधी माझ्याबद्दल. पावसजवळ आमची आंब्याची बाग आहे, अण्णांच्या म्हणजे वडिलांच्या वेळेपासूनची. वय त्रेचाळीस, उंची पाच फूट सात इंच. याआधी सोळा वर्षं १५० सीसीची गाडी चालवली. २०२४ च्या दसऱ्याला पुण्यातून एक्स ४४० चं मधलं मॉडेल, व्हिव्हिड, घेतलं आणि तिथूनच कराड, मलकापूर, आंबा घाट असं करत घरी आणलं. आजवर ११ हजार ४०० किलोमीटर झाले. गाडी माझ्या पैशाने घेतलेली आहे.

२००७ साली मी पंचविशीत होतो. हंगामाचे दिवस. झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन वर चढलेला गडी खाली उतरून म्हणाला, रेडिओवर सांगितलं, अमेरिका आंबा घेणार. अण्णांनी हातातलं काम थांबवलं. सुमारे अठरा वर्षं अमेरिकेने भारतीय आंब्याला दार बंद ठेवलं होतं. कारण फळमाशी आणि कोयीतला भुंगा. २००६ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीला आले तेव्हा आंब्याचं बोलणं झालं. त्यानंतर ठरलं की आंब्यावर गॅमा किरणांचा मारा करायचा, किमान ४०० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), म्हणजे किडीची चिंता उरत नाही. ती सोय होती नाशिक जिल्ह्यात लासलगावला, भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'कृषक' केंद्रात. मुळात कांद्यासाठी बांधलेली जागा. आमचा नाजूक हापूस तिथून किरणं खाऊन मुंबईला आणि मुंबईहून विमानाने. हापूस आणि केसर मिळून १५० पेट्यांची पहिली खेप २७ एप्रिल २००७ ला न्यूयॉर्कला उतरली.

याच वाटाघाटीत दुसरी बाजू होती मोटारसायकलची. युरो-३ या धुराच्या युरोपीय प्रमाणात बसणारी, ८०० सीसीच्या वरची मोटारसायकल भारतात आणायला आपल्या सरकारने मान्यता दिली. त्या आकाराच्या मोटारसायकली विकणारी अमेरिकी कंपनी म्हटली की हार्लेच. 'आंब्याच्या बदल्यात हार्ले' हे तेव्हा वर्तमानपत्रांनी ठळक छापलं होतं. अण्णा ते वाचून एवढंच म्हणाले, "आपला आंबा गेला आणि त्यांची फटफटी आली. बरं झालं, दोघांचं चाललं पाहिजे." त्या पहिल्या १५० पेट्यांत आमचा माल नव्हता. पुढच्या वर्षी एका निर्यातदारामार्फत आम्हीही अठ्ठावीस पेट्या दिल्या. पैसे निम्मेच आले, उरलेले आजपर्यंत नाहीत. त्यानंतर आम्ही अमेरिकेचं नाव काढलं नाही, वाशीच्या बाजारातच माल टाकत राहिलो. माझ्या डोक्यातून मात्र ती फटफटी गेली नाही.

परवानगी मिळाली तरी हार्ले लगेच आली नाही. सीमाशुल्क ६० टक्के होतं आणि त्यावर बाकीचे कर चढून किंमत दुपटीच्या घरात जात होती. कंपनीने भारतात येण्याची घोषणा केली ती २००९ च्या ऑगस्टमध्ये, पहिलं दुकान उघडलं २०१० मध्ये हैदराबादला. मग तिने कर टाळायचा नव्हे, पण कमी करायचा सरळ मार्ग धरला. २०११ मध्ये हरियाणात बावल इथे कारखाना काढला आणि अमेरिकेतून सुटे भाग आणून इथे जोडायला सुरुवात केली. सुट्या भागांवरचं शुल्क अख्ख्या गाडीपेक्षा बरंच कमी. यात काही गैर नाही. जगातल्या सगळ्या कंपन्या हेच करतात, आणि शुल्क लावणाऱ्या सरकारलाही तेच हवं असतं, की काम इथे यावं. २०१४ मध्ये तर स्ट्रीट ७५० ही गाडी बावललाच बनू लागली, किंमत चार लाख दहा हजार. ती परदेशातही जात होती.

मला इथे थोडं थांबायचंय, कारण आपल्याकडे लोक दोनच गोष्टी बोलतात. 'भारताच्या कराला कंटाळून हार्ले पळाली' आणि 'ट्रम्पनी दबाव आणून कर कमी करून घेतला'. दोन्हींत तथ्य आहे, दोन्ही अपुऱ्या आहेत.

२०१७ च्या फेब्रुवारीत ट्रम्प यांनी हार्लेच्या अधिकाऱ्यांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, अंगणात गाड्या उभ्या करून फोटो झाले. त्याच महिन्यात अमेरिकी संसदेपुढच्या भाषणात त्यांनी सांगितलं की एक देश या गाड्यांवर १०० टक्के कर लावतो. सप्टेंबरमध्ये प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष पॉल रायन विस्कॉन्सिनमधल्या हार्लेच्या कारखान्यात गेले आणि कंपनीकर कमी केला तर अशा कंपन्यांचं, तिथल्या कामगारांचं कसं भलं होईल ते सांगून आले. डिसेंबरात तो कर ३५ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०१८ मध्ये, हार्लेने कॅन्सस सिटीचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं. तिथले सुमारे ८०० जण कामावरून जाणार होते. काही काम पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला हलवायचं, तिथे साडेचारशेच्या आसपास नव्या जागा. म्हणजे एकूण हिशेबात साडेतीनशे घरं कमी. त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने भागधारकांचा लाभांश वाढवला आणि स्वतःचेच दीड कोटी शेअर परत विकत घेण्याची योजना मांडली, किंमत सुमारे ६९.६ कोटी डॉलर. कंपनीचं म्हणणं होतं की मागणी घटली आहे, कारखाने जास्त झालेत. ते खरंच होतं, अमेरिकेत तिच्या गाड्यांचा खप काही वर्षं उतरतच होता. पण करसवलत कामगाराच्या नावाने मागितली गेली होती. कॅन्सस सिटीच्या त्या ८०० जणांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आंब्याचं अनुदान बागायतदाराच्या नावाने निघतं आणि ते कुठे पोचतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग २०१८ चा फेब्रुवारी. भारताने अख्ख्या मोटारसायकलवरचं शुल्क, जे आकाराप्रमाणे ६० किंवा ७५ टक्के होतं, ते सरसकट ५० वर आणलं. ट्रम्प यांचं त्याने समाधान झालं नाही, पुढेही ते या ५० टक्क्यांचा दाखला देत राहिले. मार्चमध्ये त्यांनी परदेशी पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं. हार्लेचा कच्चा माल महागला. उत्तर म्हणून युरोपीय संघाने २२ जूनपासून अमेरिकी मोटारसायकलवरचं शुल्क ६ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर नेलं. युरोपने हार्ले मुद्दाम निवडली, कारण ती रायन यांच्या राज्यातली. तीन दिवसांनी कंपनीने शेअर बाजाराच्या नियामकाला कळवलं की युरोपात जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर सरासरी २,२०० डॉलर जास्तीचे पडतील, वर्षाला ९ ते १० कोटी डॉलर, आणि म्हणून युरोपसाठीचं उत्पादन अमेरिकेबाहेर नेतो. हा माल थायलंडमधून जाऊ लागला. तिथला कारखाना काढायचं आधीच, २०१७ मध्ये, ठरलं होतं. तेव्हा कारण होतं आग्नेय आशियातली शुल्कं आणि अमेरिकेने प्रशांत महासागरी व्यापार करारातून घेतलेली माघार. ज्यांनी अंगणात फोटो काढले होते त्यांनीच मग कंपनीवर जाहीर राग काढला आणि ऑगस्टमध्ये ग्राहकांच्या बहिष्काराची भलामण केली.

पुढचा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. थायलंडमधल्या गाड्या 'थायलंडच्या' म्हणून कमी शुल्कात घ्यायच्या, ही मान्यता युरोपने २०२१ मध्ये काढून घेतली. त्यांचं म्हणणं, निव्वळ शुल्क चुकवायला कारखाना हलवला असेल तर तो माल त्या देशाचा धरता येत नाही. कंपनी न्यायालयात गेली. २०२४ च्या नोव्हेंबरात युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचं अपील फेटाळलं. शुल्काचं मूळ भांडण २०२१ च्या ऑक्टोबरातच मिटलं होतं. पण कंपनीने आपल्याच कागदांत लिहिलेलं कारण तिच्या अंगाशी आलं ते असं. कराकडे बघून कारखाना कुठे काढायचा ते ठरवणं आणि कर चुकवण्यासाठीच तो हलवणं, यातला फरक एवढा स्पष्ट मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळाला नाही.

आपल्याकडे मात्र २०२० हे वर्ष कडू ठरलं. नवे प्रमुख योखेन झाइट्झ यांनी 'रीवायर' नावाची पुनर्रचना आणली. जगभरात सुमारे ७०० पदं कमी करायची, ज्या बाजारांत नफा नाही तिथून बाहेर पडायचं, मोठ्या आणि महागड्या गाड्यांवर भर द्यायचा. २४ सप्टेंबरला कळलं की बावलचा कारखाना बंद. कंपनीचे स्वतःचे नोकर इथे ७० च्या आसपास होते, पण वाहन विक्रेत्यांच्या महासंघाने सांगितलं की पस्तीसेक दुकानांतली धरून दोन हजारांपर्यंत माणसं रस्त्यावर येतील. याला कर कारणीभूत होता का? मोठ्या गाड्यांपुरता, होय. पण स्ट्रीट ७५० इथेच बनत होती, तिला आयात शुल्काचा फटका नव्हता. त्याआधीच्या आर्थिक वर्षात भारतात एकूण अडीच हजारांपेक्षा कमी गाड्या विकल्या गेल्या होत्या. आपल्या खिशाला, आपल्या रस्त्याला, आपल्या उन्हाला मानवेल अशी गाडी त्यांच्याकडे नव्हती. माझं हे ठाम मत आहे, आणि त्याचा पुरावा माझ्या अंगणात उभा आहे.

कारण महिनाभरात, २७ ऑक्टोबरला, हिरोबरोबर करार झाला. नाव आणि रंगरूप हार्लेचं, घडवणं आणि विकणं हिरोचं. त्यातून ३ जुलै २०२३ ला ही एक्स ४४० आली, सुरुवातीची किंमत दोन लाख २९ हजार. पहिल्या महिनाभरात २५ हजारांहून जास्त लोकांनी नोंदणी केली. अडीच हजार आणि पंचवीस हजार, दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

आता गाडी.

४४० सीसी, एकच सिलिंडर, हवा आणि तेलाने थंड होणारं इंजिन. ताकद २७ अश्वशक्ती, म्हणजे कागदावर फार नाही. या इंजिनाचं खरं बळ टॉर्कमध्ये, म्हणजे चाक फिरवणाऱ्या जोरात आहे, ३८ न्यूटन-मीटर, तेही मिनिटाला ४,००० फेऱ्यांनाच. याचा अर्थ काय हे आंबा घाटात कळतं. साखरप्याहून वर चढताना पुढे उसाचा रिकामा ट्रक असतो, वळणावर वेग पंचवीस-तीसवर येतो. माझी जुनी गाडी अशा वेळी दोन गिअर खाली मागायची. ही तिसऱ्यावरच घशातून हुंकार देते आणि वर निघते. गिअर सहा आहेत. घाटमाथ्यावर मलकापूरच्या बाजूला लागलात की सहाव्यात ऐंशीला ती इतकी निवांत चालते की मी बोलत बोलत जातो. शंभरच्या खाली ठेवाल तर दिवसभर बसा. ज्याला १३० ने जायचंय त्याने दुसरी गाडी बघावी, ही त्यासाठी नाही.

आमचे रस्ते जांभ्याचे. पावसहून पूर्णगड, तिथून आडिवरे, कशेळी, जैतापूर हा किनाऱ्याचा रस्ता माझा आवडता. मुचकुंदीवरचा पूल ओलांडला की रस्ता अरुंद होतो, कडेला लाल खडी, मध्ये अचानक खड्डा. पुढचा जाड उलटा फोर्क, ४३ मिलिमीटरचा, हे सगळं पोटात घेतो. मागची दोन शॉक-ॲब्झॉर्बर एकटं बसलं तर कडक वाटतात, मागे कोणी बसलं की बरोबर लागतात. जमिनीपासूनची उंची १७० मिलिमीटर आहे आणि बागेतल्या दगडी पाखाडीवरून मी ती रोज नेतो. पुढची डिस्क ३२० मिलिमीटरची. पावसाळ्यात हातखंब्याच्या उतारावर एक गाय आडवी आली तेव्हा एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या सोयीचा, धडधडाट पायाला लागला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. गायही थांबली होती.

वजन १९०.५ किलो. हे कोकणातल्या माणसाने नीट ऐकावं. चालताना ते कळत नाही, पण बागेत चिखल असताना हाताने मागे ढकलायची वेळ आली की कळतं. सीटची उंची ८०५ मिलिमीटर. माझे पाय पुरतात, माझ्या बायकोचे टाचांशिवाय टेकतात, तरी ती रत्नागिरीपर्यंत चालवते आणि तिला ती माझ्यापेक्षा जास्त आवडते. टाकी साडेतेरा लिटरची. माझ्या हातात लिटरला ३२-३३ किलोमीटर पडतात, म्हणजे एका टाकीत कोल्हापूरला जाऊन परत यायला हरकत नाही.

आवाजाबद्दल सगळे विचारतात. दोन सिलिंडरच्या मोठ्या हार्लेचा तो अडखळत येणारा ठेका इथे नाही, असूही शकत नाही. हिचा आवाज वेगळा आहे, खालच्या पट्टीतला, भरीव. मला तो आवडतो. पण तो ठेकाच हवा म्हणून कोणी पैसे साठवत असेल तर त्याने आधी दुकानात जाऊन गाडी सुरू करून ऐकावी.

हीच मोठी अडचण आहे, दुकान. रत्नागिरीहून मला पुण्याला जावं लागलं. ज्यांच्या गावाजवळ विक्री आणि दुरुस्तीची सोय आहे त्यांनी बिनधास्त घ्यावी. बाकीच्यांनी नकाशा काढून अंतर मोजावं आणि वर्षाच्या खर्चात त्या खेपा धराव्यात. मी सर्व्हिसिंग वाशीच्या किंवा पुण्याच्या कामाला जोडून करतो.

आता पावती. व्हिव्हिडची एक्स-शोरूम किंमत मला दोन लाख ५९ हजार ५०० पडली. यात २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर, मिळून ३१. उलटा हिशेब केला तर गाडीची मूळ किंमत एक लाख ९८ हजार, त्यावरचा कर ६१ हजार ४००. वर राज्याचा रस्ता कर. २९९ सीसीच्या वर १२ टक्के, म्हणजे ३१ हजार १४०. दोन्ही मिळून ९२ हजार ५००. मूळ किमतीच्या जवळजवळ निम्मा. मी कर देण्याच्या विरोधात नाही. रस्ते, दवाखाने, शाळा त्यातूनच होतात आणि पावसच्या शाळेत माझी मुलं शिकली. पण घेणाऱ्याला हा आकडा माहीत असावा.

आणि आता तो बदललाय. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला आणि त्यावरच्या गाड्यांना थेट ४० टक्क्यांच्या गटात टाकलं, २२ सप्टेंबरपासून लागू. लाखो लोकांची गाडी स्वस्त झाली, त्याचा मला आनंदच आहे. पण ३५० ही रेषा माझ्या मनाला पटत नाही. ३४९ सीसीची गाडी गरजेची आणि ४४० ची चैनीची, हे कुठल्या मापाने? माझ्याच गाडीची मूळ किंमत धरून नव्या दराने हिशेब केला तर १७ हजार ८०० रुपये वाढतात. रॉयल एनफिल्डचे सिद्धार्थ लाल यांनी सगळ्याच दुचाकींना १८ टक्के लावा, असं त्याआधी जाहीरपणे म्हटलं होतं. त्यांच्या खपातला मोठा वाटा ३५० च्या आतला आहे, तरीही ते बोलले, म्हणून मला त्यांचं म्हणणं वजनदार वाटतं. चाकणला ट्रायम्फच्या ४०० सीसीच्या गाड्या बनवणाऱ्या बजाजने वाढलेला भार गिऱ्हाइकावर न टाकता स्वतः सोसायचं ठरवलं. पण कंपनी किती दिवस सोसणार? एक दिवस कोणीतरी चाकणला किंवा नीमराण्याला बसून ठरवेल की इंजिनच ३४९ चं करू. मग त्या यंत्रांवर, त्या सुट्या भागांवर पोट असणारी छोटी वर्कशॉपं काय करतील? भोसरी-चाकणमध्ये माझे दोन मावसभाऊ अशाच वर्कशॉपात आहेत, म्हणून हा प्रश्न मला घरचा वाटतो.

आयातीचं शुल्क मात्र उलट्या दिशेने गेलं. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात १,६०० सीसीपर्यंतच्या अख्ख्या गाड्यांवर ५० चं ४० टक्के झालं आणि त्यावरच्यांवर ३०. हार्लेच्या अमेरिकेतल्या मूळ गावच्या, मिलवॉकीच्या मोठ्या गाडीला सवलत मिळाली तेव्हा बावलचा कारखाना बंद होऊन चार वर्षं उलटली होती. सात महिन्यांनी इथेच बनणाऱ्या माझ्या गाडीवर कर वाढला. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या कारणांनी झाले, हे मला कळतं. पण एखाद्याने भरवसा ठेवून इथे कारखाना काढायचा तर या दोन तारखा त्याच्यासमोर असणारच. मला कमी कर नको, मला टिकणारा कर हवा. आंब्याचं झाड लावलं की फळ धरायला वर्षं जातात, आणि त्या वर्षांत नियम चार वेळा बदलले तर लावणारा लावायचाच थांबतो.

घ्यायची का? घाट, गाव आणि महिन्यातून एक लांबचा पल्ला असं तुमचं चालणं असेल तर होय, वाढलेला कर धरूनही. रोज शहरातच चालवायची असेल तर ३५० च्या आतली घ्या, आता त्यात आणि हिच्यात करामुळे मोठं अंतर पडलंय. नावासाठी घेत असाल तर थांबा. नाव आठवड्यात जुनं होतं.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पहिले सहा महिने ते मागे बसायला तयार नव्हते. २०२५ च्या मे महिन्यात बातमी आली की अमेरिकेला गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर अडवल्या. किरणांचा मारा नवी मुंबईच्या केंद्रात झालेला होता, पण कागदात चूक निघाली. परत न्या नाहीतर नष्ट करा, असं सांगितलं. माल नष्टच करावा लागला. सुमारे पाच लाख डॉलरचा आंबा. अण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "वरच्या बागेत जाऊ या." मी गाडी काढली, ते काही न बोलता मागे बसले. वर पोचल्यावर कलमांखाली बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तिथं कागद कोण भरतो, ते एकदा बघून ये."

यंदा मोहोर चांगला आहे, तुडतुड्यांची फवारणी कालच झाली. एप्रिलमध्ये पहिल्या पेट्या वाशीला जातील तेव्हा मी गाडीवर मागोमाग निघणार आहे. पनवेलच्या अलीकडे टाकी भरायची, बाजारात माल उतरवायचा आणि मग पणन मंडळाच्या त्या विकिरण केंद्रात जाऊन फॉर्म कसा भरतात ते विचारायचं. अण्णांनी प्रश्न वहीत लिहून दिलेत. सतरा आहेत.